पान चौसष्टच्या पुढे

साहेबरावांच्या एकसष्टीची निमंत्रणपत्रिका छापून आली तेव्हा तिच्यातील तळटीप मुख्य मजकुराहून मोठी भरली. ती अशी होती : ‘कृपया हार, शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ आणू नयेत. त्याऐवजी आपण बालपणी वाचलेली व आपणांस सर्वाधिक आवडलेली एक कादंबरी मुलांसाठी भेट आणावी आणि ती का आवडली, हे पहिल्या पानावर स्वहस्ते लिहावे.’

या तळटीपेमागे एक उदात्त हेतू होता आणि एक त्याहून किंचित कमी उदात्त. उदात्त हेतू हा की, उस्मानपुऱ्यातील त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या पंपाशेजारी जी खोली रिकामी पडून होती, तिच्यात मुलांसाठी वाचनालय सुरू व्हावे. दुसरा हेतू असा की, चितेगावच्या कंपनीत बत्तीस वर्षे स्टोअर सांभाळल्यामुळे सारे जग त्यांना ‘स्टोअरवाले साहेबराव’ म्हणून ओळखत असे. मरण्यापूर्वी एकदा तरी ‘वाचनप्रेमी साहेबराव’ हे शब्द कानी पडावेत, अशी त्यांच्या अंतःकरणाची इच्छा होती.

वस्तुतः मालाच्या पावत्यांखेरीज साहेबरावांनी आयुष्यात सलग असे काही वाचले नव्हते. पावत्या मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु सातवीत शिकणारी त्यांची नात श्रेया ही जेवतानादेखील पुस्तक सोडत नसे, आणि “मला वाचायचा नाद आबांकडून आलाय,” असे ती मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. तिच्या लहानपणी साहेबरावांनीच तिला तसे सांगितले होते. असत्य हे बियाण्यासारखे असते. टाकणारा विसरतो, जमीन विसरत नाही.

“अहो, हे काय छापून आणलंत?” त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पत्रिका हातभर लांब धरून म्हणाल्या. “लोकांच्या घरात कादंबऱ्या कुठल्या?”

“लोक वाचतात, सत्यभामा. बोलून दाखवत नाहीत इतकंच.”

“आन् तुमची आवडती कंची?”

“माझ्या बऱ्याच हायेत. एकीचं नाव घेतलं की दुसरीवर अन्याय होतो,” असे बोलून साहेबराव पत्रिका वाटण्यास तातडीने निघून गेले. तुमची आवडती कोणती, असे बाईंना उलट विचारण्याचे मात्र त्यांना सुचले नाही.

जिन्यातच दुसऱ्या मजल्यावरील नानासाहेब भेटले. नानासाहेबांची बिडकीनची जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यापासून ते शहरात फ्लॅट घेऊन राहत होते आणि बांध कोरणारा कोणी शेजारी नसल्यामुळे काहीसे उदास असत.

“साहेबराव, लई घोळात घातलं राव तुम्ही,” ते म्हणाले. “शाल आनली असती, मोकळा झालो असतो. आता कादंबरी म्हंजी... तुमची आवडती कंची ते सांगा. तीच आनतो.”

प्रश्न दुसऱ्यांदा समोर उभा राहिला आणि या खेपेस पळण्यास जिना अपुरा होता. पत्रिका आणावयास औरंगपुऱ्यात गेले असता छापखान्याशेजारच्या गोकुळशेठच्या दुकानात, दाराशीच, हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा एक उंच गठ्ठा साहेबरावांच्या दृष्टीस पडला होता. वर ‘मोठी सूट’ अशी पाटी होती. स्टोअरच्या सवयीमुळे गठ्ठ्यावरील नाव त्यांनी नकळत टिपले होते.

“ ‘रेडकू गेलं कुणीकडं’, ” साहेबराव गंभीरपणे उद्गारले. “चौथीत असताना वाचली. चिंचेखाली बसून.”

“वा वा! ती तर म्यापन वाचलीय,” नानासाहेब म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनी मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये कळवूनही टाकले.

एकसष्टीच्या दिवशी एकेचाळीस पुस्तके जमली. त्यांपैकी एक सिमेंट कंपनीची डायरी होती, एक कुकरसोबत मिळालेले पाककृतींचे पुस्तक होते आणि उरलेली एकोणचाळीस ‘रेडकू गेलं कुणीकडं’ होती. पहिल्या पानावरील मजकूरही सर्वत्र एकच होता, कारण तोदेखील ग्रुपवर आला होता : ‘या कादंबरीने माझे बालपण घडवले. प्रत्येक मुलाने ती वाचावी. आपला...’ त्यापुढे तिघांनी ‘येथे आपले नाव लिहावे’ असेही इमानेइतबारे उतरवून काढले होते.

भाषणे उत्तम झाली. ‘वाचनप्रेमी’ हा शब्द साहेबरावांनी मोजला. तो सात वेळा आला. पुस्तके तूर्त त्यांच्याच घरी, स्वयंपाकघरातील फळीवर ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गॅसपाशी एक प्रत पडलेली साहेबरावांना दिसली. तिच्यावर हळदीची बोटे उमटली होती.

“पुस्तकावर कुकर ठेवतेस का गं?” ते कळवळून म्हणाले.

“नाय ठेवत,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि प्रत उचलून त्यांनी डब्यामागे सारली.

पुस्तकांची नोंद वहीत करण्याचे काम श्रेयाकडे होते. नोंद करण्यापूर्वी पुस्तक वाचावे लागते, अशी त्या बालिकेची प्रामाणिक समजूत होती. तिसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन आजोबांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

“आबा, भिवा विहिरीत उतरतो ना रेडकू शोधायला? चौसष्टाव्या पानावर दोर तुटायला लागतो. बरोबर?”

“बरोबर,” साहेबराव म्हणाले.

“त्याच्यापुढं परत एकोणपन्नासावं पान येतं. परत चौसष्टपर्यंत तेच. आन् मग एकदम एक्क्याऐंशी! एक्क्याऐंशीवर भिवा पोलीस ठाण्यात भजी खायलाय आन् रेडकाच्या डोक्यावर फौजदाराची टोपी हाये. मधी काय झालं?”

“दुसरी प्रत बघ.”

“सगळ्या बघितल्या. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस तशाच. पण तुम्ही तर वाचलीय ना? सांगा की. मला काल झोप नाय आली.”

साहेबरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. या क्षणी जर त्यांनी सत्य सांगितले असते तर ही कथा येथेच संपली असती. परंतु नातीच्या नजरेतून उतरणे हे खुर्चीतून उतरण्याइतके सोपे नसते.

“श्रेया,” ते म्हणाले, “वाचन म्हणजे चर्चा. आपल्या इमारतीतल्या एवढ्या लोकांची ही आवडती कादंबरी. आधी त्यांच्याकडून ऐक. मग मी सांगतो.”

श्रेया वही-पेन घेऊन निघाली. प्रथम ती नानासाहेबांकडे गेली. नानासाहेबांनी पाचच मिनिटांचा अवधी घेतला.

“ती इहीर होती भिवाच्या चुलत्याच्या वाट्यात,” ते म्हणाले. “चुलता वर आला आन् म्हनला, माझ्या इहिरीत उतरतोस व्हय? झाली मारामारी. दोघंबी ठाण्यात. सोळा पानं निस्तं बांधाचं भांडन हाये बघ. लई रंगलंय.”

“आन् फौजदाराची टोपी?”

“टोपी... टोपी पंचनाम्यात जप्त झाली.”

तळमजल्यावर दीपमाला मॅडम राहत. त्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवीत आणि ‘मुलांनी काय वाचावे’ या विषयावर दर महिन्यास कोठे ना कोठे बोलत.

“बाळा, विहीर म्हणजे काय?” मॅडमनी विचारले.

“पाण्याची विहीर.”

“नाही. विहीर म्हणजे भिवाचं अंतर्मन. तो उतरतच नाही. त्या सोळा पानांत तो फक्त विचार करतो.”

“मग ठाण्यात कसा जातो?”

“ठाणं म्हणजे समाज,” मॅडम म्हणाल्या, आणि दाराशी दूधवाला आल्यामुळे पुढील चर्चा राहिली.

सोसायटीचे सेक्रेटरी अभय यांचे मत पडले की, विहिरीस कठडा नव्हता, ही ग्रामपंचायतीची कसूर आहे आणि भिवा तक्रार देण्यासाठी ठाण्यात गेला. तक्रारीची प्रत मागून घेण्यास तो विसरला असावा. सायंकाळपर्यंत श्रेयाच्या वहीत नऊ निरनिराळ्या हकिकती जमल्या. तिने त्या जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष वाचून दाखवल्या.

“आबा, नऊ जण, नऊ गोष्टी. सगळ्यांनी हीच कादंबरी वाचलीय ना?”

“आवृत्त्या वेगवेगळ्या असतात,” साहेबराव पोळीकडे बघत म्हणाले. सत्यभामाबाईंना एकाएकी ठसका लागला व त्या पदर तोंडाशी लावून आत गेल्या.

मुले गप्प बसत नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य फाटकापाशी नानासाहेब व दीपमाला मॅडम समोरासमोर आले.

“मॅडम, पोरीला काय बी सांगू नका. म्हने भिवा इहिरीत उतरलाच नाय! मग दोर काय हवा खायला बांधला?”

“नानासाहेब, तुम्ही शब्द वाचता. मी आशय वाचते.”

“आशय कंच्या पानावर हाये?”

“तुमच्या प्रतीत नसेल.”

“माझी प्रत जुनी हाये, मॅडम! निजामाच्या टायमाची!”

भोवती माणसे जमली. कोणी बांधाच्या बाजूचे झाले, कोणी अंतर्मनाच्या. पार्किंगचा तंटा ज्यांच्यात पूर्वीपासून होता, ते आपसूक विरुद्ध पक्षांत गेले. अखेर अभय यांनी दोन्ही हात वर करून शांतता निर्माण केली व लोकशाही मार्ग सुचवला. त्यानुसार त्याच दुपारी सूचनाफलकावर रविवारच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका लागली. तीत टाकीची सफाई, लिफ्टचा दिवा व कुत्र्यांचा उपद्रव यांच्याखाली लिहिले होते : ‘विषय क्र. ४ : भिवा विहिरीतून पोलीस ठाण्यात कसा गेला, यावर चर्चा करून बहुमताने निर्णय घेणे. मार्गदर्शन : वाचनप्रेमी श्री. साहेबराव.’

ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप केला, तो शब्द प्रथमच फलकावर आला होता आणि तो पाहताच साहेबरावांनी चपला पायात सरकवल्या. ते तडक रिक्षा करून औरंगपुऱ्यास गेले.

“गोकुळशेठ, त्या रेडकाच्या पुस्तकाची पूर्ण प्रत पायजे. एकच द्या, पण पूर्ण.”

“पूर्ण नै मिलेगी साहेब,” गोकुळशेठ शांतपणे म्हणाले. “पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गड्डीनं शिवतात. बांधणीवाल्यानं एक गड्डी दोनदा लावली आन् दुसरी राहून गेली. हजार प्रती, सगळ्या तशाच. म्हणून तर सूट.”

“मग लोकांना सांगितलं नाही?”

“दोन वर्षं झाली. पाचशे प्रती खपल्या. शाळांत गेल्या, सत्कारात गेल्या, एका साहेबांनी तर शंभर वाटल्या. एक तक्रार आली असेल तर शपथ. मला वाटलं, लोकांना सोळा पानं कमीच बरी वाटतात. तुम्ही पैले गिऱ्हाईक.”

“मी नाही,” साहेबराव क्षीण स्वरात म्हणाले. “माझी नात.”

गोकुळशेठ प्रथमच गल्ल्यावरून उठले. त्यांनी पाणी दिले आणि कादंबरीच्या लेखकाचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. लेखक धोंडिबा मास्तर हे पैठण तालुक्यातील निवृत्त शिक्षक होते.

घरी येऊन साहेबरावांनी गॅलरीत उभे राहून फोन लावला. श्रेया शेजारी कान देऊन उभी होती. तिला जा म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

“मास्तर, नमस्कार. मी आपला लहानपणापासूनचा वाचक बोलतोय. ‘रेडकू गेलं कुणीकडं’ मी चौथीत असताना...”

“कसं शक्य हाये?” पलीकडून आवाज आला. “ती म्या तीन वर्षांमागं लिवली. वय काय तुमचं?”

 खाली कोणीतरी स्कूटर धुवत होते, तिच्याकडे साहेबराव निरखून पाहू लागले.

“ते राहू द्या मास्तर,” साहेबराव घाम पुसत म्हणाले. “तेवढं पान पासष्ट ते ऐंशी काय आहे, सांगता का?”

“सांगतो की. पन आधी एक सांगा. रेडकाच्या कंच्या कानाला भोक हाये?”

साहेबरावांनी आकाशाकडे पाहिले. श्रेयाने त्यांच्या हातातून फोन घेतला.

“डाव्या. आन् ओढ्यातून जाताना त्यात काटा अडकतो.”

 पलीकडे मास्तरांचा आवाज एकदम चढला. “म्हंजी कुनीतरी चौसष्ट पानापत्तर गेलं म्हनायचं! बाळा, माझा सख्खा भाऊ बाराव्या पानावर झोपला. ऐक. मी तुला समदं सांगतो. पन एक वचन दे. जो चौसष्टपत्तर वाचून येईल, त्यालाच सांगायचं. फुकट नाय.”

श्रेया फोन घेऊन आत गेली. दारामागून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. एकदा तर ती “अय्यो, टोपी अशी गेली व्हय!” असे ओरडली. बाहेर आल्यावर तिने फोन आजोबांच्या हातात ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती केवळ म्हणाली, “आबा, चिंच तरी खरी होती का?”

 रोज सायंकाळी श्रेया त्यांच्यासोबत क्रांती चौकापर्यंत फिरावयास जात असे. त्या सायंकाळी ती गेली नाही. साहेबराव एकटे गेले व अर्ध्या वाटेतूनच परत आले.

रविवारी सभेस विक्रमी उपस्थिती होती. पहिले तीन विषय चार मिनिटांत संमत झाले. चौथा विषय पुकारताच नानासाहेब बाह्या सरसावून बसले आणि दीपमाला मॅडमनी टिपणाचा कागद उलगडला. साहेबराव मार्गदर्शनासाठी उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत श्रेया बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

“सभ्य रहिवासी बंधू-भगिनींनो,” साहेबराव म्हणाले, “भिवा ठाण्यात कसा गेला, हे मला ठाऊक नाही. कारण ही कादंबरी मी वाचलेली नाही. ही नाही आणि दुसरीही नाही. नाव मी दुकानाच्या दारात वाचलं होतं. चिंचेचं झाड खरं होतं, पण त्याखाली मी गोट्या खेळायचो. माझ्या नातीला मी खोटं सांगितलं, त्याबद्दल मी तिची सर्वांसमक्ष क्षमा मागतो.”

 एकाने कबुली दिल्यावर दुसऱ्यासही धीर येतो, असे थोर लोक सांगतात. येथे तसे काही घडले नाही. नानासाहेब छताच्या पंख्याकडे पाहू लागले. मॅडमनी टिपणाचा कागद पर्समध्ये ठेवला. उरलेल्या साऱ्या चेहऱ्यांवर साहेबरावांविषयी खोल सहानुभूती दाटून आली.

“हे इतिवृत्तात घ्यायचं का?” अभय यांनी हळूच विचारले.

तेवढ्यात श्रेया उभी राहिली. “मधली गोष्ट मला मास्तरांनी सांगितलीय. ज्यांनी खरंच वाचलीय त्यांनी या. मी एकच प्रश्न विचारणार. उत्तर आलं की कानात सांगणार.”

कोणीही जागचे हलले नाही. नानासाहेबांना अकस्मात गुडघ्याची कळ आली. मॅडम म्हणाल्या, “मला तसं आठवतंय सगळं, पण एकदा नजर घालून येते.” सभा चहा न घेताच विसर्जित झाली, आणि सोसायटीच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही वाचन मोहिमेने घडवले नसते. सोमवारपासून लोक एकेक करून ‘जरा प्रत द्या, सही राहिलीय’ असे सांगून आपापली भेट परत नेऊ लागले. नानासाहेब गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून, ओळीखाली बोट धरून वाचताना आढळले. विचारले असता ते “टाकीची गळती बघायलोय” असे म्हणाले. दीपमाला मॅडमनी पुस्तकास इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाचे आवरण घातले. साहेबरावांनी मात्र उघडपणे, पुढच्या खोलीत, खुर्चीत बसून वाचावयास प्रारंभ केला. कंपनीत जाड पुस्तिकांची सुरुवातीची पाने नेहमी सूचनांची असत. त्या सवयीने त्यांनी पहिली दहा पाने सोडून दिली. पुढे मात्र त्यांना चहाची आठवण राहिली नाही. ओढ्याच्या प्रसंगी ते खुर्चीच्या कडेवर आले. गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास दोर तुटावयास लागला आणि साहेबराव ताडकन उभे राहिले.

“श्रेया! श्रेया, पुढं काय झालं गं?”

“शाळेत गेलीय ती. पाचला येईल,” स्वयंपाकघरातून उत्तर आले.

“पाचपर्यंत हा पोरगा लोंबकळत राहणार का?” साहेबराव पुस्तकात बोट घालून तसेच ओट्यापाशी आले. सत्यभामाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तसा त्याचा हात सुटत नाय. भिऊ नका. टोपीची गंमत त्याच्याहून भारी हाये.”

साहेबरावांच्या दृष्टीस आता डब्यामागील प्रत पडली. हळदीची बोटे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक कोपऱ्यावर, क्रमाने उमटलेली होती.

“तू... तू वाचलीस? कधी?”

“एकसष्टीच्या दुसऱ्याच दिवशी. कानात सांगून घेणारी पैली मीच. तिनं मला दोन प्रश्न इचारले, नातं बघून एक जास्तीचा.” बाईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. “पत्रिका तुम्ही साऱ्या उस्मानपुऱ्यात वाटली. घरात कुनाला इचारलंत का, तुझी आवडती कंची म्हनून?”

साहेबरावांनी डब्यामागची ती प्रत उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, “आता विचारतो. पण आधी सांग, तो वर कसा आला?”

“मग कायद्यानं चला. रेडकाच्या कंच्या कानाला भोक?”

“डाव्या!” साहेबराव विजयाने म्हणाले.

“ते फोनवर ऐकलेलं. भोक पाडलं कुनी?”

साहेबरावांनी हातातील पाने भराभर मागे चाळली. असा उल्लेख त्यांनी वाचलेल्या चोपन्न पानांत कोठेच नव्हता.

“पैल्या पानापासून वाचा,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

साहेबराव खुर्चीत परत जाऊन बसले. त्यांनी पुठ्ठा उघडला. पहिल्याच पानावर वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘या कादंबरीने माझे बालपण घडवले.’ ते पान त्यांनी लगबगीने उलटले आणि चष्मा नीट करून वाचावयास प्रारंभ केला. पाच मिनिटेही झाली नसतील.

“अगं, भोक तर त्याच्या आईनंच...”

“पुढं वाचा,” आतून आवाज आला. “मधी बोलू नका.”